मशेरीचा चेंडू

वेणूकाकूंनी मशेरीचं बोट दातांवरून फिरवलं, बाटलीतल्या पाण्याने खळखळून चूळ भरली आणि कोर्टाच्या कडेच्या जास्वंदीत पचकन टाकली. मग त्याच हाताने नेटजवळचा चेंडू उचलून मनालीपुढे धरला.

"घे गो. मार सर्व्हिस."

चेंडूच्या पिवळ्या लवेवर तपकिरी अंगठा उमटला होता. मनालीने चेंडू चिमटीत धरून स्कर्टला पुसला, आणि मग त्या स्कर्टचीही किळस यायला लागली.

मनाली जवळच्या कात्रप वस्तीतली. घरात सख्ख्या भावाच्या ग्लासातून पाणी न पिणारी. अंबरनाथच्या या टेनिस क्लबात ती शाळेपासून सिंगल्स खेळत आली होती. मागच्या रेषेवर उभं राहायचं आणि आलेला चेंडू परतवत राहायचा, एवढाच तिचा खेळ. नेटकडे ती फिरकत नसे.

"नेटमध्ये करंट सोडलाय का गं?" दिपेश सर विचारायचे. ते क्लबाचे कोच. त्यांनी कितीही सांगितलं तरी तिचे पाय पुढे जात नसत.

जिल्ह्याच्या निवडीला क्लब एकच मुलगी पाठवायचा, सिंगल्स जिंकणारी. वयोगटातलं मनालीचं हे शेवटचं वर्ष. गेल्या दोन्ही फायनलना कॅम्प दोन वस्तीतल्या वैदेहीने तिला दमवून दमवून हरवलं होतं. त्यात यंदा क्लबाने नियम काढला, की सिंगल्स खेळायचं तर डबल्सलाही नाव द्यायचं. सगळ्यांच्या जोड्या लागल्या आणि उरल्या वेणूकाकू. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून त्या सुनेचा हात धरून क्लबात आल्या होत्या. सून महिन्याभरात पळाली, काकू राहिल्या. नेटजवळ उभ्या राहिल्या की उभ्याच.

"सर, त्या मशेरी लावतात," मनाली म्हणाली.

"मग? तुला कुठे लावायला सांगतायत?"

तिने काकूंनाही सांगून पाहिलं. "काकू, हात धुवून या ना."

"धुतंय की." काकूंनी हात धुतले, ट्रॅक पँटला पुसले आणि पुढच्या विश्रांतीला पुन्हा डबी उघडली. तेवढ्यात कारखान्यांकडून वारा आला आणि कोर्टभर सडक्या अंड्यांचा वास पसरला. काकूंनी नाक मुरडलं. "याची नाय गो किळस येत तुला?"

मनालीला तो वास आलाच नव्हता. लहानपणापासून सवयीचा. पण त्या तपकिरी बोटांची सवय तिला जन्मात झाली नसती.

तेव्हा तिने उपाय शोधला. चेंडू आपल्या बाजूला पडून राहिला, की काकू तो उचलणार. म्हणजे चेंडू पलीकडेच मरायला हवा. पलीकडे मेला, की तो समोरच्यांच्या स्वच्छ हातांतून परत येतो. मागच्या रेषेवरून ते जमेना; तिथून मारलेला चेंडू परत यायचाच. मग ती सर्व्हिस करून पुढे धावायला लागली. काकूंच्या रॅकेटपर्यंत पोचायच्या आत, टप्पा पडायच्या आत, चेंडू हवेतच तोडायचा. तिला एक गोष्ट कळली. हवेत तोडलेल्या चेंडूला समोरच्याला निम्माच वेळ मिळतो, आणि नेटजवळून कोर्टाचे असे कोपरे दिसतात जे मागून कधी दिसतच नाहीत.

"काय पोरगी हाय! माजा हात पण लागू देत नाय चेंडूला," काकू कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटल्या.

डबल्समध्ये त्या दोघी सेमीफायनलला हरल्या. मनालीने घरी येऊन दोनदा आंघोळ केली आणि सुटले म्हणाली.

सिंगल्सची फायनल वैदेहीशीच. एकच सेट. नवे कोरे चेंडू, स्वच्छ कोर्ट, आणि मनालीचे पाय पुन्हा मागच्या रेषेला चिकटलेले. लांबलचक रॅली व्हायची आणि शेवटी चूक मनालीचीच. बघता बघता चार-एकने मागे.

तेवढ्यात वैदेहीचा एक फटका कुंपणावरून बाहेर गेला. पायरीवर वेणूकाकू बसल्या होत्या, बोट तोंडात. त्यांनी चेंडू उचलून आत फेकला.

"घे गो पोरी!"

तोच अंगठा. तोच तपकिरी डाग, या वेळी ओला.

"सर, बॉल खराब झालाय," मनाली पंचांच्या खुर्चीवरच्या दिपेश सरांना म्हणाली.

"फाटलाय का?"

"नाही, पण..."

"मग खेळ."

तिने तोंड वाकडं करून सर्व्हिस केली आणि तिच्याही नकळत पाय पुढे सुटले. हा चेंडू परत यायला नको होता, बस. वैदेहीने परतवलेला चेंडू तिने नेटजवळ हवेतच कोपऱ्यात तोडला. वैदेही जागची हलली नाही. मनाली नेटवर? हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

पुढचा पॉइंट तसाच. मग त्याच्या पुढचा. वैदेही डोक्यावरून मारू लागली, तर मनाली उडी मारून स्मॅश करू लागली. चार-चार. पाच-पाच. मग सहा-पाचने मनाली पुढे, सर्व्हिस तिचीच, आणि जिंकायला एक पॉइंट.

तिच्या हातात दोन चेंडू होते. एक स्वच्छ. दुसऱ्यावरचा डाग आता वाळून काळपट झाला होता, पण वास तसाच. तिने क्षणभर दोन्हींकडे पाहिलं आणि स्वच्छ चेंडू खिशात टाकला.

सर्व्हिस पडली, ती धावली, आणि तपकिरी चेंडू पलीकडच्या रेषेवर टप्पा घेऊन कुंपणावर आपटला.

वैदेहीशी हस्तांदोलन होतंय न होतंय तोच वेणूकाकू आत घुसल्या आणि दोन्ही तळव्यांत मनालीचे गाल धरून त्यांनी तिचा मुका घेतला. मनालीने श्वास रोखून धरला, सुटका झाल्याबरोबर नळावर धावली आणि तोंडाला साबण फासला. एकदा, दोनदा.

"पुढच्या साली पण आपण दोघीच हां," मागून काकू म्हणाल्या.

"शी! आधी हात धुवा!"

"म्हंजे हो ना?"

डोळे मिटलेले ठेवूनच मनालीने साबण मागे त्यांच्याकडे धरला.