गाडी लावून येतो

आमच्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामचुकार माणसाला 'गाडीवाला' म्हणतात. चादरींचा ढीग आला आणि कुणी हळूच सटकली, की मागून आवाज येतो, "गेली गाडी लावायला!" मग सगळ्या हसतात. नव्या बायकांना वाटतं, ही जुनी म्हण असावी. म्हणबिण काही नाही. ते माझ्या दिराचं वाक्य आहे आणि इथे ते मीच आणलं.

माझा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एक दिवस शिडीवरून पडला आणि त्याला याच हॉस्पिटलात आणलं. मी तळघरात कपडे धूत होते, तशीच ओल्या हातांनी वर धावले. पोटात आतल्या आत रक्तस्राव होत होता. रक्तपेढीत होतं तेवढं चढवून झालं होतं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणखी लागेल, घरचं कोण आहे? माझा गट वेगळा, त्यात तेव्हा मी म्हणजे नुसती काडी. भावजी शेजारीच उभे होते. नवऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ, गटही तोच. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "वहिनी, गाडी लावून येतो."

जिना उतरून गेले ते आलेच नाहीत. संध्याकाळी नवरा गेला. आणखी रक्त मिळालं असतं तरी काही सांगता येत नव्हतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. ते मी ऐकलं आणि बाजूला ठेवून दिलं.

काही दिवसांनी भावजी दारात उभे राहिले. मी विचारलं, "लागली का गाडी?" आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही. रडू आलं नाही. लोक म्हणाले, मोठी धीराची बाई. धीर कसला आलाय! मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तशी मी सगळीच झाले होते. कामावर परतले तेव्हा रेडिओने विचारलं, कसं झालं गं? रेडिओ म्हणजे माझी जोडीदारीण, सकाळी सुरू होते ती सुट्टी झाल्यावरच बंद होते. मी सगळं सांगितलं आणि शेवटी 'गाडी लावून येतो' म्हणताना हसले. मी हसले म्हणून मग बाकीच्यांनाही हसायला मोकळीक मिळाली. तिथून ते वाक्य आमच्या तोंडी बसलं.

आमच्या कामात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात. रक्ताला थंड पाणी. आधी थंड पाण्यात भिजवायचं, खळबळायचं, लाली उतरली की मगच गरम. घाईघाईने गरम पाण्यात टाकलं की डाग शिजतो आणि मग कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. दुसरा नियम, चादर झटकायची नाही. वॉर्डातून येताना कधी कधी घडीत सुई राहिलेली असते. सगळ्यांच्या हाताला कधी ना कधी टोचलीच आहे. नळाखाली बोट धरायचं आणि पुढचा ढीग घ्यायचा, हीच आमची रीत.

पुढे काही वर्षांनी लेकीचं लग्न ठरलं. दोघांना साधंच हवं होतं, नोंदणीच्या ऑफिसात जायचं, सह्या करायच्या, झालं. ती म्हणाली, "आई, माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून काकांची सही हवी मला."

"रेडिओ करेल सही."

"बाबांच्या घरचं दुसरं कोण उरलंय मला? त्यांनी मला सायकल शिकवलीय. एवढं एकच मागतेय."

"त्याला म्हणावं, आधी गाडी लाव."

ती ताट उचलून आत गेली. मग भांडी आपटल्याचं ऐकू आलं. मला वाईट वाटायला हवं होतं, हे कळत होतं. वाटत मात्र नव्हतं.

त्याच सुमारास मोठ्या सिस्टर तळघरात आल्या. रक्तपेढी रिकामी पडलीय, कर्मचाऱ्यांनी तरी द्या, म्हणाल्या. एरवी बोलायला जागा न देणारी आमची माणसं एकदम खाली मान घालून घड्या घालायला लागली. मग एकेक कारण बाहेर पडू लागलं. मुकादम म्हणाले, "सिस्टर, जन्मभर इथे रक्त आटवलं. आता काढलंत तर बाटलीत बासुंदीच येईल." रेडिओ म्हणाली, "माझं तर सासूनं कधीच प्यायलंय, तिचंच काढा." इस्त्रीवाल्याला सुईची भीती. एकीचा नवरा म्हणे, रक्त दिलंस तर घरी येऊन पडून राहशील. सिस्टर हसल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही?"

मी म्हटलं, "चला." दयाबिया काही नाही. घाबरायला जे लागतं तेच माझ्याकडे उरलं नव्हतं. वजनही एव्हाना भरलं होतं. दुःखात लोक वाळतात, मी जाड झाले. खाटेवर पडून पिशवी भरताना बघत राहिले. एवढं रक्त आजवर मी फक्त वाळलेलंच पाहिलं होतं. ताजं किती गडद असतं!

काही दिवसांनी रक्तपेढीतून निरोप आला, डॉक्टरांनी बोलावलंय. तरुण बाई होत्या. त्यांनी उठून दार लावलं तेव्हाच मला कळलं. म्हणाल्या, तपासणीत बी प्रकारची कावीळ निघालीय. आत्ता त्रास नाही, कदाचित होणारही नाही, पण दर काही महिन्यांनी दाखवत राहा. ते रक्त आम्ही टाकून दिलं. यापुढे कधीच देऊ नका.

"कुठून आली?"

"सांगता येत नाही. एखादी सुई टोचली असेल. कित्येकांना जन्मापासूनच असते. अशी माणसं पुष्कळ आहेत हो. ती सांगत नाहीत, काहीतरी निमित्त काढून निघून जातात."

मी मान डोलावली. तेव्हा माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. मी विचार करत होते तो लेकीच्या सासरचा. आईला असला आजार आहे म्हटल्यावर कोण काय बोलेल? एकत्र जेवल्याने होत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण लोक काय डॉक्टरांकडे विचारायला जातात? कामावर सगळ्यांच्याच घरच्यांची करताहेत, अशी थाप मारून मी लेकीची तपासणी करून घेतली. तिला काही निघालं नाही. त्या दिवशी मात्र जिन्यात बसून जरा वेळ रडले. किती दिवसांनी!

डॉक्टरांनी बोलावलं त्या दिवशी तळघरात रेडिओ वाटच बघत होती. "कशाला बोलावलं होतं गं?"

"बिस्किटं द्यायची राहिली होती."

"आणि तू एकटीनेच खाल्लीस?"

त्या दुपारी मी बाळंतिणींच्या वॉर्डातल्या चादरी थेट गरम पाण्यात टाकल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मशीन उघडलं तर प्रत्येक चादरीवर तपकिरी नकाशे. मुकादमांनी एक चादर उजेडात धरली आणि घडी घालून खाली ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढे थंडीत पुन्हा तीच वेळ आली. वर एक बाळंतीण अडली होती, रक्त कमी पडत होतं. सिस्टर स्वतः धावत आल्या. या खेपेला रेडिओ पहिली उठली. सासूबिसू सगळं विसरली. मला म्हणाली, "तू दिलंस तेव्हाच ठरवलं होतं मी. चल, मागच्या वेळी दिलंस त्याला तुझे महिनेही भरले. आपण दोघी शेजारी शेजारी झोपू. मला हात धरायला कुणीतरी हवं."

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मुकादम, इस्त्रीवाला, सगळेच बघत होते. वर एक बाई मरणाच्या दारात होती आणि माझ्या अंगात रक्त होतं. एक वाक्य बोलायचं होतं, साधं. मला कावीळ आहे. जीभ उचललीच नाही.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणाले. "मशीन बंद करून येते."

रेडिओ जिन्यापर्यंत गेली, वळली आणि खो खो हसत ओरडली, "अगं बाई! गेली ही पण गाडी लावायला!"

सगळे हसत वर गेले. मी मशीनला टेकून उभी राहिले. ते चालू होतं आणि मी ते बंद करणार नव्हते. मला भावजींचा चेहरा दिसला, डॉक्टरांकडून माझ्याकडे वळलेला. इतकी वर्षं मला त्यात पळपुटेपणा दिसला होता. आज आरसा बघितल्यासारखं झालं. बधिर पायात रक्त फिरायला लागलं की मुंग्या येतात, नको वाटतं, तसं सगळ्या अंगाचं झालं.

त्यांनाही हेच होतं की दुसरंच काही, मला माहीत नाही. कदाचित नुसते घाबरलेही असतील. असेनात.

बाळंतीण वाचली. रेडिओ दंडावर पट्टी मिरवत खाली आली आणि दिवसभर बोलत राहिली. घरी आल्यावर मी लेकीचा फोन मागून घेतला. तिच्याकडे काकांचा नंबर होता, ते मला ठाऊकच होतं.

पलीकडून आवाज आला, "बोल गं बाळा."

"मी बोलतेय, भावजी."

ते म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी... मला ना..."

"मी काही विचारलंय का?"

"नाही."

लेक दारात उभी होती. भांडं हातातच राहिलं होतं.

मी म्हटलं, "गाडी लागली असेल तर या आता वर. तुमची सही हवीय."