आठवा अर्ज

टेबलावर सातवा अर्ज येऊन पडला आणि इंजिनीअरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वेगमर्यादेच्या पाटीला दिवा बसवावा. आपला, एक नागरिक." नागरिक कसला! इतकी घोटीव अक्षरं सगळ्या पंचक्रोशीत एकाच माणसाची. जन्मभर रस्त्याच्या पाट्या रंगवलेल्या अण्णांची, म्हणजे बाईंच्या वडिलांची.

सहा वेळा दिलेलं उत्तर बाईंनी सातव्यांदा लिहायला घेतलं. "पाटीला रेडियम आहे. गाडीचा उजेड पडला की ती चमकते. आडरस्त्याला दिव्याची आवश्यकता नाही." तपासणीच्या कागदावर 'पाटी वाचता येते का?' यापुढे 'होय' असं होतं. तपासणी झाली होती सकाळी अकरा वाजता! पण कागद म्हणजे कागद.

पेन मात्र मध्येच अडलं. आई गेल्यापासून अण्णा एकटे. तासाभराची वाट, पण "पुढच्या रविवारी नक्की" म्हणता म्हणता वर्ष सरलं होतं. अण्णा कधी "ये" म्हणाले नाहीत, आपले अर्ज करत राहिले. त्या अक्षरांकडे बघता बघता बाईंना त्यांच्या हाताला येणारा रंगाचा वास आठवला. जीव कासावीस झाला. आत्ताच्या आत्ता जावं, आणि वर चांगलं खडसवावंसुद्धा!

दिवेलागणीला त्यांनी हमरस्त्यावरून गल्लीत गाडी वळवली आणि करकचून ब्रेक मारला. पाटीपुढे टॉर्च घेऊन अण्णा उभे!

"अण्णा! जीव द्यायचाय का?"

"ठकू? आलीस होय!" म्हातारा हरखला. मग लगेच भुवई चढवून म्हणाला, "काय गं साहेबीण, पाटीवर आकडा किती?"

"वीस."

"आत्ता वाचलास, की ऑफिसात पाठ केलास?"

अण्णांनी टॉर्च विझवला. "जा मागे, पुन्हा वळून ये. मी बाजूला पायरीवर थांबतो."

बाई पुन्हा वळल्या. गाडीचा उजेड समोरच्या भिंतीवरून घसरत गेला आणि गाडी सरळ होईपर्यंत पाटी मागे पडलीसुद्धा. काळी ठिक्कर!

"रेडियमचा दोष नाही गं," अण्णा म्हणाले. "उजेड पडेल तर बिचारं चमकेल. हमरस्त्यावर पाटी समोर येते, इथे ती वळणाआड राहते. आणि नेमकी याच वेळी पोरं खेळून घरी येतात. म्हणून रोज तासभर उभा राहतो."

"रोज? एवढ्यासाठी?"

अण्णा टॉर्चशी चाळा करत राहिले. "खरं सांगू? वळणारी प्रत्येक गाडी तुझी वाटायची."

बाईंना रडू आवरेना. कसली मी लेक! सातही अर्जांतलं अक्षर ओळखलं, पण हाक नाही ओळखली!

त्याच आठवड्यात दिवा बसला. शिवाय बाईंनी आदेश काढला: आडरस्त्याच्या पाटीला दिवा हवा की नको, हे यापुढे सूर्य मावळल्यावर, गाडीत बसून, हमरस्त्यावरून वळूनच ठरवायचं.

वाचकहो, आपणही असेच खुर्चीत बसून 'होय' लिहीत असतो. अंधारातली अडचण अंधारात जाऊनच बघावी, आणि जिथे समक्ष जायला हवं तिथे नुसतं उत्तर धाडून भागवू नये!

पुढच्याच आठवड्यात आठवा अर्ज आला. "दिवा मिळाला, आभारी आहे. तो नीट चालतो की नाही याची तपासणी दर रविवारी दिवेलागणीला समक्ष येऊन करावी. जेवून जावे. आपला, एक नागरिक."

बाईंनी 'एक नागरिक' खोडून वर 'अण्णा' लिहिलं आणि कोपऱ्यात शेरा मारला, "मंजूर."