मॅडम चुकल्या तो दिवस

चोवीस वर्षं इंग्रजी शिकवूनही मॅडमना एक गोष्ट जमली नव्हती. पोरांना बोलतं करणं. पहिल्या वर्षाचा शहाण्णव जणांचा वर्ग. प्रश्न विचारला, की सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. मग मॅडमच उत्तर सांगायच्या आणि पोरं निमूटपणे उतरवून घ्यायची. तोंडी परीक्षेत निम्मा वर्ग आपटायचा.

त्यांची थोरली बहीण पोहणं शिकवायची. तिच्यापाशी एकदा गाऱ्हाणं गाऊन झालं, तेव्हा ती म्हणाली, "अगं, चोवीस वर्षं तूच बोलतेयस. इंग्रजी सुधारलं ते तुझं! मी पोरांना काठावर बसवून व्याख्यान देते का? पाण्यात ढकलते."

"ढकलू कशी, ताई? चारचौघांत चुकायची लाज वाटते त्यांना."

"मग आधी चारचौघं काढून टाक."

हे मॅडमच्या मनात घर करून बसलं. त्यांनी फोनवर वर्गाचा ग्रुप काढला आणि सांगितलं, रोज एक मिनिट इंग्रजीत बोला, रेकॉर्ड करा आणि फक्त मला पाठवा. आठवड्याभरात चार रेकॉर्डिंग आली. त्यातल्या एकात नुसता खोकला होता.

मॅडम हिरमुसल्या, पण हटल्या नाहीत. त्यांनी स्वतःच कागद न घेता तीन मिनिटं बोलून ते ग्रुपवर टाकलं आणि लिहिलं, "माझ्या चुका शोधा."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावरचा ताडमाड मुलगा उभा राहिला. सगळे त्याला खांब म्हणत. "मॅडम, रागावू नका. तुम्ही 'डिटरमाइन' म्हणालात. ऑनलाइन शब्दकोशातली बाई 'डिटरमिन' म्हणते." त्याने फोन वर धरला. बाई खणखणीत आवाजात तेच म्हणाली. दोनदा.

मॅडमचे कान तापले. चोवीस वर्षं! किती हजार पोरांच्या माथी मारलं असेल हे? त्या वळल्या, फळ्यावर तो शब्द लिहिला आणि मोठ्याने बरोबर म्हणाल्या. मग त्यांनाच हसू फुटलं. "शाबास रे! आता बाकीच्यांनी माझी लाज राखा. चुका करा."

दुसऱ्या सकाळपर्यंत एक्केचाळीस रेकॉर्डिंग आली.

मग वर्गाचा नूरच पालटला. पोरं घरीच मॅडमनी पाठवलेल्या व्हिडिओत धडा बघून यायची आणि वर्गात जोडीजोडीने वाद घालायची. प्रश्न पडद्यावर आला, की फोनवरून मत द्यायचं आणि ते का दिलं हे उठून सांगायचं. एकदा विभागप्रमुख दारात येऊन थडकले.

"मॅडम, हा वर्ग आहे की बाजार?"

"बाजारच आहे, सर. पण ऐका तरी, सगळा इंग्रजीत भरलाय."

सरांच्या भुवया चढल्या त्या उतरल्या नाहीत. "बघू. यंदा तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक बोलावतो. अगदी कडक."

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांशेजारी विभागप्रमुख हाताची घडी घालून बसले. पहिलीच आली ती वर्गातली सगळ्यांत अबोल मुलगी. सहामाहीच्या तोंडीला ती रडून निघून गेली होती. परीक्षकांनी विचारलं, वडील काय करतात? शिलाई मशीन दुरुस्त करतात, ती म्हणाली. मग ते काम कसं करतात, हे सांगू लागली. अडखळली, क्रियापद चुकलं, स्वतःच सुधारलं आणि पुढे गेली. परीक्षक मध्येच म्हणाले, "म्हणजे सुई बदलली की झालं."

"नो, सर!" ती ताडकन म्हणाली. "आधी दोऱ्याचा ताण बघायचा!" आणि परीक्षकांचंच पेन घेऊन, कागदावर आकृती काढत, तिने त्यांना इंग्रजीत समजावून दिलं. ठरलेली पाच मिनिटं होऊन गेली. परीक्षक पुढे वाकून ऐकत होते. विभागप्रमुखांच्या हाताची घडी केव्हा सुटली, त्यांनाही कळलं नाही.

शहाण्णवपैकी एक्क्याण्णव पास झाले. उरलेल्या पाच जणांनी त्याच संध्याकाळी मॅडमना रेकॉर्डिंग पाठवली: पुन्हा परीक्षा कधी?

निकाल घेऊन विभागप्रमुख स्वतः आले. "पुढच्या सत्रापासून पहिल्या वर्षाच्या पाचही तुकड्यांना असंच शिकवायचं. आणि बाकीच्या प्राध्यापकांना तयार करायचं काम तुमचं."

"तुम्हीही याल ना, सर?"

"येतो की. पण मला पहिल्याच दिवशी उभं करू नका हं."

मॅडम खळखळून हसल्या आणि तासाला निघाल्या. जिन्यापर्यंत वर्गाचा गलका ऐकू येत होता. दारात त्या थबकल्या. खांब आणि ती अबोल मुलगी हातवारे करकरून भांडत होते, वर्ग दोन्ही बाजूंनी ओरडत होता आणि मॅडम आल्याची कुणालाच खबर नव्हती. त्या गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि आपली पाळी यायची वाट बघू लागल्या.