आधी तेल, मग आंघोळ

मित्रांनो, मी एक जुना, छोटा ट्रॅक्टर आहे. मला बसता येत नाही आणि स्वस्थ उभंही राहवत नाही. इंजिन बंद असलं तरी माझं काहीतरी खडखडतंच. आत्ता पत्रा वाजला ना, तो माझाच.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला पुढे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला बकेट होती. मोठे ट्रॅक्टर माझ्याकडे बघून फिदीफिदी हसले. पण एका नर्सरीवाल्याला मीच हवा होतो, कारण त्याच्या रोपांच्या रांगांमधून जाईल असा मी एकटाच. माती उचल, कुंड्या हलव, शेणखत ओत. दिवसभर नुसतं पुढे-मागे, वर-खाली. मी खूश.

हे पुढचे हात आणि बकेट, म्हणजे माझा लोडर, सगळे सांधेच हो. खांदा, कोपर, मनगट. प्रत्येक सांध्यात एक पिन, आणि तिथे ग्रीस भरायला एक इवलंसं तोंड. कंपनीनं बजावलं होतं, लोडर दहा तास चालला की सगळ्या पिनांना ग्रीस मारा, चिखलात-धुळीत राबला तर रोज मारा. माझ्या बाकीच्या भागांना जरा उशीर चालतो. मालक या बाबतीत पक्का. लग्नाचा वाढदिवस विसरेल, माझं ग्रीस नाही.

मग माशी शिंकली कुठे? आजींपाशी.

आजी म्हणजे मालकाची आई. पन्नाशीच्या मालकाला त्या अजून बाळू म्हणतात. एकदा मालक मला धुऊन ग्रीस गन हातात घेतो न घेतो, तोच त्या घराच्या पायरीवरून ओरडल्या, "अरे बाळू, उलटं काय करतोयस? आधी अंगाला तेल, मग आंघोळ!"

"आई, हा ट्रॅक्टर आहे."

"तूही असाच किरकिरा होतास. तेल चोळून कडकडीत पाणी घातलं की गप झोपायचास."

मालकानं आईचं ऐकलं.

त्या दिवसापासून आधी ग्रीस, मग प्रेशरच्या पाण्यानं आंघोळ. फवारा थेट सांध्यांवर. ताजं ग्रीस धुऊन बाहेर, पाणी आत. वरून मी असा लखलखीत, की गिऱ्हाईकं माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढायची. "काय निगा राखलीय हो!" आणि आत माझं हाडावर हाड घासतंय. बकेट वर जाताना मी असा किंचाळायचो की गल्लीतली कुत्री मला उत्तर द्यायची. मालक घाबरून आणखी ग्रीस मारायचा, मग ते आणखी जोरात धुवायचा.

"म्हातारा झालाय," तो हताश होऊन म्हणाला.

"मग वयाप्रमाणे शांत का होत नाही?" मालकाची बायको, म्हणजे वहिनी, कानात बोटं घालून म्हणाल्या. "विकून टाका अहो. काल फोनवर माझी ताई विचारत होती, तुमच्याकडे कोण रडतंय?"

ठरलं. भंगारवाल्याला बोलावलं. तो मशीन घेत नाही, गॅसच्या ज्योतीनं तुकडे करून लोखंड नेतो. माझा जीव टांगणीला लागला. भीतीनं माझ्या एका टायरमधली हवाच गेली.

भंगारवाला उघड्या जीपमधून आला आणि जीप नेमकी माझ्या पुढ्यात लावून खाली उतरला. माझी बकेट शेणखतानं भरलेली होती.

"शेठ, हात वर उचला, खालचं लोखंड बघू."

मालकानं सीटवर चढून दांडा ओढला. म्हटलं, दाखवतोच. उचलला. पण कोरडी पिन भोकात घट्ट अडकलेली, ती हातासोबतच फिरली. तिला अडवणारा बोल्ट कटकन तुटला, पिन सरकत सरकत बाहेर पडली, बकेट एका अंगाला कलंडली, आणि सगळं शेणखत जीपमध्ये. सीटवर, स्टिअरिंगवर, त्याच्या जेवणाच्या डब्यावर.

"फुकट दिलात तरी नको!" भंगारवाला ओंजळीनं खत काढत ओरडला. "चावतो हा!"

"चांगलं कुजलेलं आहे हो," वहिनी धीर देत म्हणाल्या. "वास राहत नाही."

तो गेला. पिन घरंगळत आजींच्या पायाशी गेली होती. त्यांनी ती उचलली, बोट फिरवलं. बोटाला नुसता गंज.

"बाळू, ही कोरडी ठणठणीत कशी? ग्रीस मारतोस ना?"

"रोज! तू सांगितलंस तसंच. आधी ग्रीस, मग पाणी."

सगळे आजींकडे बघायला लागले. आजींनी बोट पदराला पुसलं.

"मग राहील का ते? बाळाला पावडर कधी लावतात? आंघोळीनंतर!"

"आई, तूच तर..."

"मी तेलाचं बोलले होते. ग्रीस वेगळं."

वहिनी हसता हसता कुंडीवर बसल्या. कुंडी फुटली.

मला नवी पिन मिळाली. आता आधी आंघोळ, मग ती इवलीशी तोंडं फडक्यानं पुसायची, मग कडेनं ताजं ग्रीस डोकावेपर्यंत गन दाबायची. किंचाळणं गेलं. पण मित्रांनो, भंगारवाल्याचा नंबर मालकाच्या फोनमध्ये अजून आहे, त्यामुळे जरा कुठे करकरलं की मी आधी फाटकाकडे बघतो, जीप तर आली नाही ना. म्हणून सांगतो, एखादं यंत्र ओरडायला लागलं की लगेच त्याचं वय काढू नका. ग्रीस कधी मारलं आणि ते आत टिकलं का, हे आधी बघा.

आज माझे दहा तास भरलेत. अंग धुऊन झालंय. आणि मालक ग्रीस गन काखेत धरून फाटकाशी गप्पा मारत उभा आहे. कोणीतरी हाक मारा हो त्याला!