पुण्याला कुणी विचारलं?

"मॅडम, त्या दिवशी नाही जमायचं."

पडद्यावरून पंढरीनाथ बोलला, आणि तेही चक्क मराठीत. तोक्योच्या कोतो भागातल्या त्या बैठकीच्या खोलीत चिडीचूप झालं. तसं जपानी बैठकीत चिडीचूप असतंच म्हणा, पण ही शांतता निराळी होती. सगळ्यांची तोंडं मंजुषाकडे वळली. पुण्याचा माणूस काय म्हणाला, ते आता ती जपानीत सांगणार.

सोळा वर्षं झाली होती तिला तोक्योत. या प्रकल्पाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली, तेव्हा कंपनीत त्या खुर्चीवर पहिल्यांदाच परदेशी माणूस बसला होता, आणि तीही बाई. एका भल्यामोठ्या गोदामाची जुनी सिस्टिम काढून नवी बसवायची होती. प्रोग्रॅम लिहिणार पंढरीनाथची पुण्याची टीम, वापरणार जपानी गोदाम, आणि दोघांच्या मध्ये मंजुषा. विभागप्रमुख हायाशी-सान तिला एवढंच म्हणाले होते, "आधी सगळ्यांना मान्य होईल अशी तारीख ठरवा, मग पुढचं बघू." तारीख नाही ठरली तर खुर्ची गेली, हे त्यांनी न बोललेलं तिला बरोबर कळलं होतं.

आणि बाईंनी तारीख ठरवलीही होती! काय कमी पायपीट केली? इथे बैठकीत कुणी काही ठरवत नाही. बैठक म्हणजे निव्वळ साखरपुडा. बोलणी सगळी आधीच उरकलेली. या बोलण्यांना इथे नेमावाशी म्हणतात. शब्द मूळचा माळीकामातला. मोठं झाड हलवायचं असेल, तर कितीतरी आधीपासून त्याच्या मुळांभोवतीची माती हलक्या हाताने मोकळी करत राहायचं. मग मंजुषा टेबलाटेबलाशी गेली. हिशेबवाल्यांशी बोलली, सुरक्षावाल्यांशी बोलली. गोदामाचे प्रमुख ओगावा-सान म्हणजे ताकास तूर लागू न देणारा माणूस. त्यांच्यासाठी तर ती हेल्मेट घालून गोदामात उभी राहिली, मशिनची कडू कॉफी प्यायली, त्यांच्या फोर्कलिफ्टचं कौतुक केलं. तेव्हा कुठे नोव्हेंबरच्या सुरुवातीची, जोडून आलेली तीन दिवसांची सुट्टी पक्की झाली. त्या दिवसांत गोदाम बंद असतं, तेव्हाच सिस्टिम बदलता येते.

आणि पुणे? पुण्याला तिने आदल्या दिवशी एक मेल टाकली होती. 'तारीख ठरली आहे, उद्या फक्त हो म्हणा.' पुणे काय, घरचंच! पंढरीनाथ कधी नाही म्हणतो का? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

"शनिवारी पाडवा आहे मॅडम, रविवारी भाऊबीज," पंढरीनाथ म्हणाला. एरवी खाली मान घालून बोलणारा माणूस आज थेट कॅमेऱ्यात बघत होता. "पोरं गावाकडची तिकिटं काढून बसलीयत. मी त्यांना सुट्टीचा शब्द दिलाय. तुम्ही ऑर्डर काढलीत तर बसतील बिचारी, पण मी हो म्हणणार नाही. आम्हाला कुणी विचारलंच नाही."

भाऊबीज! तोक्योतल्या ओजिमात राहणाऱ्या, दोन भावांच्या पाठच्या या मराठी बाईला भाऊबीज आठवली नव्हती. कशी आठवणार? इथे मराठी मंडळाची दिवाळी हॉल मिळेल त्या रविवारी. यंदा जवळच्या फुनाबोरीचा हॉल आठवडाभर आधी मिळाला होता, म्हणून मंजुषाच्या लेखी दिवाळी तेव्हाच संपत होती. तिथी-बिथी बघायची सवयच सुटली होती तिची. हे लक्षात आलं आणि तिला आतून काहीतरी टोचलं.

खोलीत अजून सगळे वाट बघत होते.

एका वाक्याचं काम होतं. 'ते प्रयत्न करतो म्हणतायत.' मराठी कुणाच्या बापाला कळत होती तिथे? सोळा वर्षं तिने हेच तर केलं होतं. इकडचं गार वाक्य तिकडे कोमट करून द्यायचं, तिकडचं 'होईल हो' इकडे 'तपासून कळवतो' करून द्यायचं. यालाच ती कौशल्य म्हणत आली होती. आजही तेच केलं तर खुर्ची शाबूत. संध्याकाळी पुण्याला एक ऑर्डर गेली की झालं.

मंजुषा उठून उभी राहिली. पंढरीनाथ जे बोलला होता ते तिने शब्दन्‌शब्द जपानीत सांगितलं. 'आम्हाला कुणी विचारलंच नाही,' हेसुद्धा. मग म्हणाली, "हे खरं आहे. मी इथल्या प्रत्येकाला विचारलं आणि पुण्याला विचारायची विसरले. चूक सर्वस्वी माझी आहे." आणि ती कमरेतून वाकली. लाज वाटली तिला, भयंकर वाटली. आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटलं.

"म्हणजे तारीख ठरलेली नाही," हायाशी-सान म्हणाले.

"नाही."

"पुढच्या आठवड्यात शेवटचं बसू." ते अगदी सौम्यपणे म्हणाले, पण त्या 'शेवटचं'चा अर्थ तिला कळला.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने नवऱ्याला, श्रीहरीला, सगळं सांगितलं. "गेली बहुतेक खुर्ची माझी."

श्रीहरी कुकर लावत होता. "वाकलीस ना? छान केलंस. पण वाकलीस कुणापुढे? जपान्यांपुढे! पंढरीनाथला काय म्हणालीस?"

मंजुषाने तशीच, पर्ससुद्धा खाली न ठेवता, पुण्याला फोन लावला.

"पंढरीनाथ, चुकलं माझं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"अहो मॅडम, असं काय बोलता..." तो बिचारा पार अवघडला.

"आता विचारते. तुम्हाला कधी जमेल?"

तिला वाटलं, लगेच तारीख सांगेल. पण तो म्हणाला, "आत्ता नाही सांगत. एकेकाशी बोलतो. अश्लेषाचं बाळ लहान आहे, जयेशच्या वडिलांचं ऑपरेशन निघालंय. ग्रुपवर विचारलं की सगळे 'हो'चा अंगठा टाकतात हो, खरं कुणी बोलत नाही. परवा सांगतो."

मंजुषाला हसू आलं, आणि पंढरीनाथचा अभिमानही वाटला. नेमावाशी आपणच शिकलो, अशा तोऱ्यात होतो की आपण!

दुसऱ्या दिवशी ती ओगावा-सानांकडे गेली. "भाऊबीज म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. बहीण भावाला ओवाळते, त्यासाठी माणसं कुठून कुठून घरी येतात, हे तिने सांगितलं.

"माझी माणसंही त्या सुट्टीत घरी जाणार होती," ओगावा-सान म्हणाले. "बाकी सगळे हो म्हणाले होते, म्हणून मीही म्हटलं." मग घसा खाकरून त्यांनी सांगितलं, "महिन्याच्या मध्यावर आम्ही माल मोजतो. तेव्हा गोदाम बंदच असतं. पण दोनच दिवस. होईल दोन दिवसांत?"

'होईल' हा शब्द मंजुषाच्या जिभेवर आला होता. तिने तो गिळला.

"माहीत नाही. पुण्याला विचारून सांगते."

ओगावा-सानांनी मान डोलावली, आणि त्या दिवशी कॉफीचे पैसे त्यांनी टाकले.

पंढरीनाथचा निरोप सांगितल्या दिवशी आला. दोन दिवसांत होईल, पण आधी दोन रंगीत तालमी हव्यात. अश्लेषा घरून काम करेल, जयेशच्या जागी अपूर्वा बसेल. मंजुषा हे सगळं घेऊन पुन्हा टेबलाटेबलाशी फिरली. या वेळी चप्पल झिजली तरी तक्रार नव्हती.

शेवटच्या बैठकीत रिवाजाप्रमाणे हायाशी-सान एकेकाचं मत विचारणार होते. पहिलं नाव घ्यायला त्यांनी तोंड उघडलं, थांबले, आणि खुर्ची पडद्याकडे वळवली. मोडक्या इंग्रजीत त्यांनी स्वतःच विचारलं, "पुण्याचं काय म्हणणं आहे?"

एरवी पडद्यावर एकटा पंढरीनाथ असायचा. आज अख्खी टीम लग्नातल्या फोटोसारखी दाटीवाटीने उभी होती. पंढरीनाथने घोकून ठेवलेलं जपानी वाक्य म्हटलं. चांगलंच अडखळला, पण पुरं केलं. आमची तयारी आहे, सांभाळून घ्या. मग सगळे वाकले. कुणी हात जोडून, कुणी नुसतंच मान हलवून, आणि जयेश तर इतका खाली गेला की पडद्यावरून नाहीसाच झाला.

खोलीत सगळ्यात आधी ओगावा-सान उठले आणि पडद्याकडे तोंड करून वाकले. मागोमाग हिशेबवाले, सुरक्षावाले उठले, आणि मग हायाशी-सान.

सवयीने मंजुषाही पुढे झाली, बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. भाषांतर करायचं काही उरलंच नव्हतं.