अढीत पिकलेल्या रेकॉर्डी

चारुकाका बोटीवर होता. नोकरी सोडून रत्नागिरीला कायमचा आला तेव्हा त्याने अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून एक लाकडी खोका आणला. मजबूत, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, आंब्यांसाठी उत्तम. आत जॅझच्या जुन्या रेकॉर्डी होत्या. त्या काकाला नको होत्या, पण विकणारा म्हणाला, नुसता खोका मिळणार नाही.

जॅझ आमच्या घरात असं आलं. पुढे काकाने आंब्यांचा नादच सोडला आणि खोका रेकॉर्डींसकट माझ्याकडे आला. आई तेव्हापासून म्हणतेय, "आंब्याचा खोका आहे तो."

माझी रेकॉर्डी वाजवायची जागा म्हणजे मागची अढीची खोली. सीझनला तिथे पेंढ्यावर आंब्यांचे थर लावून ते पिकवायचे, त्याला अढी म्हणतात. एरवी खोलीत नुसता पेंढा. भिंतीला पेंढा लागलेला असला की आवाज बाहेर जात नाही, असा माझा समज होता.

ऐकायला फक्त शेजारची अवनी यायची. तिला जॅझमधलं काही कळत नव्हतं. ती दिवसरात्र हिप-हॉप ऐकायची. एका दुपारी मी एक पियानोची रेकॉर्ड लावली आणि ती केवढ्यांदा ओरडली, "थांब! इथेच!"

"काय इथेच?"

"इथूनच उचललंय!"

हिप-हॉपवाले असं करतात, तिने मला समजावलं. जुन्या जॅझ रेकॉर्डमधला एक छोटा तुकडा कापायचा, तो गोल गोल फिरवत ठेवायचा आणि वर रॅप करायचा. मग तिने तो रॅप म्हणूनही दाखवला. रामरक्षेच्या चालीत, कारण पाठांतराची तिला दुसरी चाल येत नव्हती.

त्यानंतर आमचा तो खेळच झाला. मी सुई टेकवायची, तिने ओरडायचं. सगळा खोका आम्ही असा ओरडून काढला.

मग तिला बंगळुरूला नोकरी लागली. जाताना म्हणाली, "सगळ्या तुकड्यांचा मिळून एक मिक्स कर ना. मी शेवटपर्यंत ऐकीन. शप्पथ."

"कुणाची?"

"फणसाची."

फणसाची शपथ कुणावर बंधनकारक नसते, हे मला नंतर कळलं.

मिक्स असा ठरवला होता: वाजवायचं फक्त जॅझ. उचललेला तुकडा आला की तो नीट ऐकवायचा आणि तिथूनच पुढच्या रेकॉर्डवर सरकायचं. रॅप कुठेच नाही. म्हणजे मिक्स मुळातच अर्धा. उरलेला अर्धा ऐकणाऱ्याच्या डोक्यात वाजतो. रत्नागिरीत तसं डोकं एकच होतं, आणि ते बंगळुरूला गेलं होतं.

मागणी नव्हती असं नाही. नाक्यावर बाबू भेटला. "अनिश, डीजे झालास म्हणे! ताईच्या हळदीला ये की."

"बाबू, मी जॅझ वाजवतो रे."

"वाजव ना मेल्या. आम्ही कशावर पण नाचतो."

नाचले नाहीत. एकच माणूस नाचला, आणि तो जनरेटर बघायला आला होता.

मे महिन्यात सुई बोथट झाली. नवीन आणायला मी मुंबईला गेलो. परत आलो तर खोका अंगणात, तुडुंब आंबे भरलेला.

"आई, रेकॉर्डी?"

"अढीत."

"अढीत?"

"उघड्यावर कशा ठेवणार? खाली पेंढा घातला, मग त्या, मग परत पेंढा, वर आंबे. हवा म्हणून लागणार नाही."

"अगं, अढीत केवढी ऊब असते!"

"असणारच. त्याशिवाय पिकतील कशा?"

काढल्या तेव्हा त्या पिकल्याच होत्या. एक भाजलेल्या पापडासारखी, एक चक्क वाटी. सगळ्यांना हापूसचा वास. कडक ऊन दाखवलं तर आणखी वळतील म्हणून मी काही न करता त्यांच्याकडे बघत बसलो. मग नवी सुई लावली आणि त्यांच्यावरच मिक्स करायला घेतला, कारण दुसऱ्या नव्हत्या.

सुई वर जायची, खाली यायची. हर्णैच्या बंदरात होडीत बसून कुणी पियानो वाजवावा, तसं सगळं डुलत होतं. मधेच वीज गेली. पोफळीच्या वीजघरात एवढी वीज तयार होते, पण आमच्या अढीपर्यंत येताना बहुतेक दमते. परत पहिल्यापासून.

शेवटी ठेवली होती अवनीची पहिली रेकॉर्ड, "थांब, इथेच" वाली. बरोबर त्या तुकड्याच्या शेवटी रेकॉर्डला उंचवटा आला होता. सुई चढली, घसरली आणि मागे येऊन पडली. तोच तुकडा परत. पुन्हा तोच. हिप-हॉपवाल्यांनी यंत्रावर जे केलं, ते आमच्या हापूसने पेंढ्यात केलं होतं. हे सांगायला मी वळलो. मागे पेंढा होता.

रविवारी दुपारी तासाभराचा मिक्स अवनीला पाठवला. दोन मिनिटांत तिचा अंगठा आला. एक तासाचं संगीत दोन मिनिटांत ऐकायची सोय बंगळुरूला झाली असेल.

मी लिहिलं, "शेवट ऐक."

तिने लिहिलं, "हेक्टिक आहे रे. वीकेंडला नक्की."

हे तिने लिहिलं रविवारी.

मी ती शेवटची रेकॉर्ड पुन्हा लावली आणि समोर बसून राहिलो. तुकडा फिरत राहिला. थोड्या वेळाने आई पिकलेले आंबे काढायला आली.

"अडकलीय रे ती."

"माहितेय."

"उचल ना मग."

"नको."

ती अढीकडे वळली. पेंढा बाजूला करून एकेक आंबा हुंगत, दाबून बघत राहिली. तुकडा परत त्या जागी आला तशी थांबली.

"इथे ती ओरडायची ना?"

"तुला ऐकू यायचं?"

"मेल्या, भिंत चिऱ्याची, पण दाराला फट केवढी आहे! दोन वर्षं दुपारची झोप नाही मला." मग एक आंबा उचलून म्हणाली, "आता लागते. पण मजा नाय."

तुकडा फिरला. आईने एकदा दाराकडे बघून घेतलं.

"थांब, इथेच," ती म्हणाली. अगदी हळू, देवळात बोलावं तशी. मग माझ्याकडे बघितलं. "बरोबर?"

"थोडं लवकर झालं. आणि ती जोरात ओरडायची."

"बरं," आई म्हणाली, आणि हातातला आंबा तसाच धरून पुढच्या फेरीची वाट बघत बसली.