किल्लीच्या मापाचं कुलूप

"किल्ली हातात असली, सूनबाई, तं 'कोण, काऊन' असं इचारत नको बसजो. येईल त्याले देजो, अन् बंडूले उठवजो."

मोतीलालजी शेठचं हे बोलणं मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. १९७१ चा भाद्रपद. माझ्या प्रमिलाच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी ते आमच्या ओसरीवर उभे होते, एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात मला द्यायला आणलेली मोटारीची जादा किल्ली घेऊन. आमच्या आंजी गावात कापसाचे व्यापारी म्हणून त्यांचं नाव मोठं. गावात मोटारगाडी एकच, त्यांची बदामी रंगाची लँडमास्टर. त्यांच्या बोळात ती वळायची नाही, म्हणून तिचं टिनाचं शेड आमच्या घरासमोर होतं आणि ड्रायव्हर बंडूजी आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा.

मी अडले त्या दिवशी गाडी समोर उभी, बंडूजी तयार, आणि किल्ली शेठजींच्या कोटाच्या खिशात. शेठजी एसटीनं वर्ध्याला गेलेले. बैलगाडीत घालण्यासारखी माझी स्थिती नव्हती. माणूस सायकलनं जाऊन किल्ली घेऊन आला, तोवर दुपार कलली. सेवाग्रामच्या दवाखान्यात आम्ही मायलेकी वाचलो, देवाची कृपा. पण शेठजींनी ते मनाला लावून घेतलं होतं.

"सांभाळीन मी," एवढंच मी म्हटलं. माझं नाव कोकिळा, पण आवाज असा की सासूबाई म्हणायच्या, "हे कोकिळा बोलली हे फक्त देवालेच समजते."

ती पितळी किल्ली मी देवघरात ठेवली, अन्नपूर्णेच्या शेजारी. रोज पहाटे देव उजळायचे, त्यांच्याबरोबर तीही उजळायची. चिंच, राख, मग पाणी, मग हळदकुंकू. ज्या गाडीनं मला लेकीसकट घरी आणलं, तिची किल्ली देवांपासून वेगळी कशी ठेवायची, हे मला सुचलं नाही.

आठ वर्षांत ती कितीदा देवघरातून उठली आणि परत आली! कधी साप चावलेला माणूस, कधी बाळंतीण, कधी तापानं फणफणलेलं लेकरू. बंडूजी किल्ली परत देताना कधी कधी म्हणायचा, "वहिनी, हे किल्ली लय नखरे करून राह्यली आजकाल. दोनदा हलवावं लागते." मी हसून तिला पुन्हा उजळायची.

एक दिवस मात्र माझं चुकलं. मी रोज सकाळी तीन माळा जप करते. तो पुरा होईतो बोलत नाही, पाटावरून उठत नाही. गावातली मंदाबाई किल्लीसाठी दारात आली तेव्हा माझी दुसरी माळ चालू होती. तिच्या सासऱ्याच्या छातीत दुखत होतं. पण माझं मौन सगळ्या गावाला ठाऊक. ती बिचारी उंबऱ्याशी उभी राहिली. मला ती दिसत होती. मी उठले नाही. म्हातारबुवा वाचले, मंदाबाई एका शब्दानं बोलली नाही. शेठजींना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "देवाले थांबता येते, सूनबाई. दुखण्याले नाई."

मी त्यांच्या पाया पडले. "आता कोणी आलं तर माळ ठेवून उठीन," असा शब्द दिला. पण तो पाळायची वेळच आली नाही. दोन महिन्यांत शेठजी गेले. गाडी शेडात गेली ती गेलीच. त्यांच्याकडचा किल्ल्यांचा जुडगा त्या धावपळीत कुठं पडला, कोणाला सापडला नाही. मी माझी किल्ली उजळत राहिले. दिलेला शब्द तिच्याजवळच अडकला होता.

चार वर्षांनी, १९८३ साली, त्यांचे चिरंजीव भैय्याजी यांनी गाडी पुन्हा उभी करायची ठरवलं. उंदरांनी खाल्लेल्या गाद्या गेल्या, इंजिन वर्ध्याला जाऊन आलं, बदामी रंग चढला. राहिली कुलपं. मी किल्ली पदरात घेऊन शेडात गेले.

"काकू, तुमची चालली तं तुमच्यापाशीच राहू द्या," भैय्याजी म्हणाले. "नाई तं नागपूरहून नवे कुलपं आणलेच हायेत. मंग किल्ल्या दुकानाच्या तिजोरीत राहतीन. गाडी आता बाबूजीची आठवण हाय, कोणी बी घेऊन गेलेलं बरं नाई दिसत."

बंडूजीनं किल्ली गाडीच्या दारात घातली. डावीकडे, उजवीकडे. काही नाही. स्टार्टरमध्ये घातली. तिथंही नाही.

कुलपं बसवायला वर्ध्याहून रूपराव आले होते, पन्नाशीचा माणूस, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यांनी किल्ली उन्हात धरली.

"हिचे दात कोणं पाडले?"

बंडूजीला हसू आवरेना. "वहिनी आंघोळ घालते नं तिले, देवासंगं! चिंच अन् राख."

"रोज?"

मी मान हलवली.

"सणावारालेही?"

"सणाले दोनदा!" बंडूजी म्हणाला.

सगळे हसले. माझे मात्र डोळे भरून आले. जी वस्तू सांभाळायला दिली होती, ती मीच माझ्या हातानं झिजवली. बारा वर्षं, भक्तीनं.

रूपराव हसायचे थांबले. दारातून कुलूप काढून आणलं, आमच्या ओसरीवर बसकर टाकून बसले आणि कुलपाचा गाभा तळहातावर आपटला. गंजाचा भुगा पडला, त्यात पितळेच्या पातळ पत्त्या.

"हे पाहा, भैय्याजी. किल्लीचा एकेक दात एकेक पत्ती उचलते. साऱ्या बरोबर उचलल्या तं कुलूप फिरते. पण ह्या पत्त्या कुजल्या. काकूची किल्ली नवी कोरी असती तरी ह्या बदलाच लागत होत्या. मंग कोणत्या किल्लीच्या मापानं बदलू? जे हाय, तिच्याच नं?"

"म्हंजे किल्लीसाठी कुलूप बनवता? हे तं उलटंच झालं."

"बाबूजीनं वहिनीले किल्ली देल्ली व्हती," बंडूजी हळूच म्हणाला. "ते वापस घ्याची असन तं तसं सांगा."

 भैय्याजी खाली बसून स्वतःच पत्त्या वेचू लागले.

रूपरावांच्या डब्यात जुन्या कुलपांच्या पत्त्या होत्या. एकेक बसवायची, माझी किल्ली आत घालायची, पाहायचं. जी डोकं वर काढील तिच्यावर कानशीचे दोन हात. जी खाली राहील ती बदलून दुसरी. माझी एकादशी होती. मी आत जाऊन त्यांच्यासाठी भाकर आणि झुणका केला. ते जेवले आणि पुन्हा बसले. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं तेव्हा दाराचं आणि स्टार्टरचं, दोन्ही झालं होतं.

"तुमीच फिरवा, काकू."

इतकी वर्षं ती किल्ली माझ्याजवळ, पण कुलपात मी कधी घातली नव्हती.  जराशी फिरवली आणि आत काहीतरी हळूच मोकळं झालं. दार उघडलं. मी तिथंच हात जोडले. देवाला की रूपरावांना, ते मला सांगता येणार नाही.

"आता एक करजा," ते अवजारं आवरत म्हणाले. "हिले घासू नका. फूल वाहा, कुंकू लावा. पुन्हा झिजली तं मीही म्हातारा होऊन राह्यलो."

दुकानासाठी दुसरी किल्ली त्यांनी माझ्या किल्लीवरूनच घासून दिली. नागपूरचं नवं कुलूप डिकीला लागलं. भैय्याजी जाताना म्हणाले, "काकू, किल्ली तुमच्यापाशीच ठेवा. फक्त गाडी गेली का मले कळवत जा, म्हंजे मी पेट्रोल भरून ठेवीन." मला वाटलं, मोतीलालजीच बोलले.

त्या दिवसापासून मी किल्लीला फक्त फूल वाहते. हाताला चिंच लागली की ती आठवते, पण मी हात आवरते.

मार्गशीर्षातली सकाळ होती. पहिली माळ संपून दुसरी अर्धी झाली होती. उंबऱ्याशी सावली पडली. गल्लीतली आनंदाबाई. तिच्या सुनेचे दिवस भरले होते, ते मला माहीत होतं. तिनं मला पाटावर पाहिलं आणि तोंडाला पदर लावून तशीच उभी राहिली. बोलली नाही. तिची पावलं मात्र उंबऱ्यावर एका जागी ठरत नव्हती.

मी ज्या मण्यावर होते, तिथं तुळशीचं पान ठेवलं. माळ पाटावर ठेवली. अन्नपूर्णेच्या शेजारून किल्ली उचलली; झेंडूची एक पाकळी तिला चिकटून आली, ती तशीच राहू दिली. काही विचारलं नाही. आनंदाबाईच्या पाठीवरून हात फिरवला, आणि अंगण ओलांडून बंडूजीच्या दाराकडे निघाले.